गळ, तळें आणि रोहू

मासे धरण्याचा छंद मराठी सुशिक्षित घरांत फारसा प्रतिष्ठित नाहीं. कोळ्यानें जाळें टाकावें, मासळी बाजारांत यावी आणि ती घरीं शिजावी, हा क्रम सर्वांस मान्य आहे. परंतु एखाद्या कारकुनानें किंवा शिक्षकानें सुटीच्या दिवशीं तळ्याच्या कांठीं तीन तास काठी धरून बसावें आणि रिकाम्या हातानें घरीं यावें, ह्यांत शेजाऱ्यांना विनोदाखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. कोंकणांतला माणूस मात्र ह्याला हंसणार नाहीं. तिकडे ह्या उद्योगाला ‘गरवणें’ असें स्वतंत्र क्रियापद आहे. आणि ज्या बोलीनें एखाद्या कामासाठीं क्रियापद राखून ठेवलें, तिनें तें काम पुरेशा गांभीर्यानें घेतलें असें समजण्यास हरकत नाहीं.

एके काळीं तर हा राजांचा विनोद होता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर हा बाराव्या शतकांत राज्य करीत होता. त्याच्या नांवावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथांत राजानें आपला वेळ कसा रमवावा हें सांगतांना ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आलेलें आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचें खाद्य, दोरी, काठी आणि गळ ह्या सर्वांचा त्यांत विचार केलेला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ सालीं ह्या प्रकरणावर निबंध लिहून तें अभ्यासकांच्या नजरेस आणलें. काठी आणि गळ घेऊन बसण्याची हौस साहेबानें विलायतेहून आणली, अशी जी एक समजूत आपल्याकडे आहे, ती एवढ्या एका प्रकरणानें दूर व्हावयास हवी.

आतां ह्या छंदाला मुंबईंत जागा कोठें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं शीवपर्यंत जाण्यास हरकत नाहीं. शीव ह्या नांवाचा अर्थच सीमा असा आहे. मुंबई इंग्रजांकडे आणि खाडीपलीकडील साष्टी पोर्तुगीजांकडे होती, त्या काळीं ही हद्द राखण्यासाठीं जेराल्ड आंजियर ह्या गव्हर्नराच्या कारकीर्दींत, म्हणजे १६६९ ते १६७७ ह्या वर्षांत, येथील टेकडीवर किल्ला उठला. पुढें १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी ह्याच गांवावरून गेली. हद्द गेली, गांवही शहरांत विरघळलें. राहिला आहे तो टेकडीवरचा पडका किल्ला, आणि वस्तीच्या दाटींत सांपडलेलें एक लहानसें तळें. ह्या तळ्याची शहराला आठवण होते ती मुख्यतः गणपतिविसर्जनाच्या दिवसांत.

तें शिल्लक राहिलें हेंच विशेष. विहारचें पाणी १८६० च्या सुमारास मिळूं लागलें, त्यापूर्वीं सारी मुंबई विहिरी आणि तळीं ह्यांवर जगत होती. नळ आले आणि तळ्यांची गरज सरली. डॉक्टर बेंटले ह्यांनीं १९११ सालीं मुंबईंतील हिंवतापाविषयीं आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हां सांचलेल्या पाण्याची धास्ती आणखीच वाढली. एकामागून एक तळीं बुजलीं. धोबीतलाव, गोवालिया टँक हीं नांवें पत्त्यावर अजून लिहिलीं जातात, पण त्या नांवांमागचें पाणी आजच्या कोणाही मुंबईकरानें पाहिलेलें नाहीं. अशा शहरांत शीवसारखें तळें उरतें तेव्हां तें कसें जगतें, हें समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उन्हाळ्यांतल्या एखाद्या संध्याकाळीं तशा तळ्याच्या कांठीं गळ टाकून बसलेल्या माणसाकडे नीट पाहणें.

समुद्रकांठच्या लोकांना तळें समजण्यास थोडा त्रास पडतो. खाडीचा हिशेब भरती-ओहोटीचा असतो. आज नेलेल्या माशाची जागा उद्यांच्या भरतीला दुसरा घेतो, आणि तो कोठून आला हें विचारण्याची गरज कोळ्याला पडत नाहीं. तळ्याला भरती नाहीं. तें चारी बाजूंनीं बंद असलेल्या खोलीसारखें असतें. त्यांत जो रोहू किंवा कटला असतो, तो बहुधा तेथें जन्मलेला नसतो. कोणीतरी बोटाएवढें पिलूं आणून तेथें सोडलेलें असतें. त्याला बाहेर जातां येत नाहीं आणि आपल्यामागें संततीही ठेवतां येत नाहीं. गळ टाकणारा ज्याची वाट पाहत असतो, तो मासा सर्वस्वीं माणसाच्या हातीं असलेला पाहुणा आहे.

हे मासे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधु ह्यांच्या खोऱ्यांत ते नांदतात. आपल्याकडे तळ्यांतून ते पाळले जातात ते मुख्यतः तीन: कटला, रोहू आणि मृगळ. तिघेही एकाच कुळांतले, परंतु एका घरांत राहूनही एकमेकांच्या ताटांत हात न घालणारे. कटल्याचें डोकें मोठें आणि तोंड वरच्या बाजूस वळलेलें असतें. पाण्याच्या वरच्या थरांत तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खाणें हा त्याचा व्यवसाय. रोहूचें तोंड किंचित् खालीं वळलेलें, ओठांना झालर असलेलें. तो मधल्या थरांत वावरतो आणि दगडांवरचें, देठांवरचें शेवाळ खरवडतो. मृगळ तळाशीं चिखलांत कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर राहतो. मत्स्यशेती करणारे तिघांना एकत्र सोडतात तें ह्यासाठीं. एकाच तळ्यांतून तीन मजल्यांचें उत्पन्न निघतें.

गिरगांव-दादरच्या मराठी घरांत मात्र ह्या तिघांचें स्वागत थंडपणेंच होतें. पापलेट, सुरमई, बांगडा आणि बोंबील ह्यांच्या पंक्तीला रोहूला बसवण्यास गृहिणी तयार नसते. बंगाली शेजाऱ्याच्या घरीं त्याचा केवढा मान आहे हें पाहूनही तिचें मत बदलत नाहीं. ‘मातकट लागतो’ हा तिचा आक्षेप. आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख चुकीच्या आरोपीवर आहे. हा मातीचा वास तळ्याच्या तळाशीं आणि पाण्यांत वाढणारे कांहीं सूक्ष्म जीव निर्माण करतात. जिओस्मिन नांवाचें द्रव्य त्याच्या मुळाशीं असतें. पहिल्या पावसाच्या मातीला जो सुवास येतो तोही त्याचाच. अंगणांत ज्याचें कौतुक होतें, तेंच ताटांत आलें म्हणजे नाक मुरडलें जातें. मासा कांहीं दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यांत ठेवला तर हा वास बव्हंशीं निघून जातो. मातकट रोहू ही खरें पाहतां तळ्याच्या प्रकृतीची खूण आहे.

गळ टाकणाऱ्याकडे वळूं. त्याचें सामान थोडें: एक काठी, बहुधा चक्राची, नायलॉनचा तंगूस, दोरीवर बसवलेलें शिशाचें लहानसें वजन, एक बारीक गळ, आणि पाण्यावर उभें राहणारें बूच. कित्येक जुने लोक बुचाऐवजीं मोरपिसाचा देठ वापरीत, आणि अजूनही त्याची बरोबरी करणारी वस्तु मिळत नाहीं असें हौशी मंडळी सांगतात. आमिष म्हणून जिवंत किडा क्वचितच लागतो. भिजवलेली कणीक, भाजलेलें बेसन, पावाचा गर, पेंड ह्यांचा गोळा करून गळाला लावतात. त्यांत कोणी बडीशेप घालतो, कोणी मेथी, कोणी गूळ. ह्या मिश्रणांबद्दल प्रत्येकाचा स्वतःचा मंत्र असतो आणि तो शेजारच्या माणसाला सांगितला जात नाहीं; त्यांतला बराचसा भाग श्रद्धेचा असावा.

वासाचा उपयोग मात्र नि:संशय होतो. ह्या कुळांतल्या माशांना जबड्यांत दांत नसतात. त्यांचे दांत घशांत असतात, आणि अन्न तेथें चुरडलें जातें. त्यांना खरें जठरही नसतें. लांबलचक आंतड्यांतून अन्न सरकत जातें. पोटांत सांठा करण्याची सोय नसल्यामुळें हा मासा एकदां जेवून दिवसभर स्वस्थ बसत नाहीं. तो सतत थोडें थोडें चाखीत हिंडतो. एखादी वस्तु दिसली कीं पाण्याबरोबर ती तोंडांत ओढून घ्यावयाची, रुचली तर घशाकडे न्यावयाची, न रुचली तर फुंकून टाकावयाची, ही त्याची रीत. म्हणून गोळा तोंडांत गेला तरी मासा गळाला लागला असें होत नाहीं. बूच थरथरतें तेव्हां मासा अजून चव पाहत असतो. नवशिका त्या थरथरीलाच झटका देतो आणि गळ मोकळा वर येतो. सरावलेला माणूस हात आवरतो. बूच तिरकें होऊन सावकाश एका बाजूला सरूं लागलें, किंवा तळाचा घांस उचलल्यामुळें दोरी सैल पडून बूच किंचित् वर आलें, म्हणजे मग मनगट फिरवावयाचें.

कांठावर शांतता कां पाळावयाची, ह्यालाही शरीरशास्त्राचा आधार आहे. माशाच्या पोटांत हवेची एक पिशवी असते. रोहू-कटल्याच्या कुळांत ही पिशवी लहान लहान हाडांच्या सांखळीनें आंतल्या कानाशीं जोडलेली असते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर ह्यानें १८२० सालीं ह्या हाडांचें वर्णन केलें. पाण्यांतून आलेल्या लहरीनें पिशवी कांपते आणि तो कंप थेट कानापर्यंत पोहोंचतो. समुद्रांतल्या पुष्कळ माशांना ही सोय नाहीं. त्यामुळें कांठावर बसलेल्या दोघांचें बोलणें एक वेळ चालतें, कारण हवेंतला आवाज पाण्यांत फारसा शिरत नाहीं. पण दगडी पायरीवर आपटलेली टांच किंवा धप्पकन् ठेवलेली पेटी तळ्यांतल्या सर्वांना तत्काळ कळते.

आणि संध्याकाळच कां? ह्या प्रश्नाशीं तळ्याचें सारें मर्म जोडलेलें आहे. पाण्यांत राहणाऱ्या माशालाही प्राणवायु लागतो, आणि पाण्यांत तो फार थोडा मावतो. पाणी जितकें तापेल तितका कमी मावतो. वीस अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्याच्या एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. तेंच पाणी तीस अंशांवर गेलें कीं साडेसातांच्या आसपासच राहतो. मे महिन्यांतलें मुंबईचें उथळ तळें दुपारीं तीस अंशांच्याही वर जातें. त्याच वेळीं उष्णतेमुळें माशाच्या शरीराचें यंत्र मात्र अधिक वेगानें चालत असतें आणि त्याला अधिक हवा हवी असते. उत्पन्न घटलें आणि खर्च वाढला, अशा संसारासारखी ही स्थिति.

ती सांवरतें तें पाण्यांतलें शेवाळ. वर हिरवा रंग आणणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पति दिवसभर सूर्यप्रकाशांत प्राणवायु तयार करतात. सकाळपासून तो सांचत जातो आणि दुपार कलतांना सर्वांत जास्त असतो. चार-साडेचारनंतर ऊन उतरतें, वरचा थर थोडा निवतो, आणि पाण्यांत प्राणवायु भरपूर असतो. माशाला सुखानें खातां येतें तो हाच वेळ. शिवाय उन्हाळ्यांत दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुटतो. तो पाण्यावरचे सूक्ष्म जीव ढकलीत पूर्वेच्या कांठाशीं आणतो, आणि त्यांच्यामागोमाग कटला येतो. म्हणून जाणता माणूस तोंडावर वारा घेऊन पूर्व कांठाला बसतो, आणि मावळतीच्या उन्हानें डोळे दिपतात ही तक्रार सोसतो.

मेच्या अखेरीस तळें आटलेलें असतें. कांठच्या चार पायऱ्या उघड्या पडतात. उरलेल्या पाण्यांत मासे दाटलेले असतात. अशा वेळीं मासा गळाला लवकर लागतो, पण शहाणा माणूस त्याचें भांडवल करीत नाहीं. मोठा रोहू ओढीला जोरदार असतो. तो उसळ्या मारीत नाहीं, खोल पाण्याकडे सरळ आणि जड धांव घेतो. तंगूस सोडीत, पुन्हां गुंडाळीत त्याला कांठाशीं आणावयास दहा-पंधरा मिनिटें लागूं शकतात. तापलेल्या पाण्यांत एवढी झुंज दिलेला मासा दमून अर्धमेला झालेला असतो. तो सोडावयाचा असेल तर हात ओले करून, पाण्यांतल्या पाण्यांत गळ काढून, त्याचें तोंड पुढें धरून थोडा वेळ आधार द्यावा लागतो. कल्ले नीट हालूं लागले म्हणजे तो स्वतःच हातांतून निसटतो. कोरड्या हातानें धरलें तर अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो, आणि तो लेप त्याचें रोगापासून संरक्षण करीत असतो.

ह्या हौसेसाठीं कोठेंही बसावें असेंही नाहीं. तळें ज्याच्या मालकीचें, त्याची परवानगी लागते. शीवहून फार दूर नसलेल्या पवईला १८९० च्या सुमारास बांधलेला मोठा तलाव आहे. त्याचें पाणी पिण्याजोगें ठरलें नाहीं, आणि गळ टाकणाऱ्यांच्या तें पथ्यावर पडलें. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी मंडळींची संस्था त्याच तलावाच्या कांठीं आहे. तेथें मगरीही आहेत, तेव्हां पाण्यांत पाय सोडून बसण्याची सवय तेथें उपयोगाची नाहीं.

कांठावर बसलेला माणूस धरतो तो मासा तळ्यांत आला कसा, ही गोष्ट अधिक विस्तारानें सांगण्यासारखी आहे. रोहू, कटला, मृगळ ह्यांची मादी जून महिना येतां येतां अंड्यांनीं भरते. एक किलो वजनाच्या रोहूच्या पोटांत दोन लाखांवर अंडीं असूं शकतात. परंतु स्थिर पाण्यांत ती तीं टाकीत नाहीं. तिला चढत्या नदीचा पूर हवा असतो: गढूळ, थंड, वाहतें पाणी, बुडालेल्या गवताळ कांठांवर पसरलेलें. तळ्यांत पाऊस पडतो, पातळी चढते, पण पूर येत नाहीं. मादी अस्वस्थपणें कांठाकांठानें फिरते आणि कांहीं आठवड्यांनीं तीं सारीं अंडीं तिच्या शरीरांतच जिरून जातात. दर वर्षीं हें असेंच घडतें. बंगालमधील कांहीं विशेष रचनेचे बांध सोडले, जेथें पावसाचें पाणी लोटासारखें आंत शिरतें, तर बंद पाण्यांत हे मासे आपण होऊन प्रजा वाढवीत नाहींत.

त्यामुळें जुन्या काळीं तळ्यांत मासे हवे असतील तर नदींतून मत्स्यबीज धरून आणण्यावांचून गत्यंतर नव्हतें. बंगालमधील धीवर पुराच्या दिवसांत नदीच्या कडेला बारीक कापडाचीं जाळीं लावून राईएवढीं पिलें धरीत. तीं मातीच्या हंड्यांत घालून कलकत्त्याहून रेल्वेनें दूरदूरच्या प्रांतांकडे रवाना होत. हावड्यापासून मुंबई सुमारें दोन हजार किलोमीटर. डब्यांत हंड्यांशेजारीं माणूस बसे आणि पिलें गुदमरूं नयेत म्हणून हातानें पाणी ढवळीत राही. स्टेशनावर मिळेल तें पाणी घेऊन जुनें बदली. पुष्कळ पिलें वाटेंतच मरत. जीं जगत, त्यांत कटला कोणता आणि तळ्यांतल्या पिलांनाच खाऊन टाकणारा दुसरा मासा कोणता, हें तीं वाढल्यावरच कळे.

ही अडचण दूर झाली ती १९५७ सालीं. माशाच्या मेंदूच्या तळाशीं मोहरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथि असते. तिला पीयूषिका म्हणतात. अंडीं टाकण्याची आज्ञा तिच्या रसांतून सुटते. नदीचा पूर ही ग्रंथि जागी करतो. मग पुरावांचूनच तिचा रस माशाला दिला तर काय होईल, हा प्रश्न परदेशांतल्या शास्त्रज्ञांनींही विचारला होता. अर्जेंटिनामध्यें आणि ब्राझीलमध्यें १९३० नंतरच्या वर्षांत तसे प्रयोग झाले. भारतीय रोहू-मृगळांच्या बाबतींत तें यश हिरालाल चौधरी आणि के. एच्. अलिकुन्ही ह्यांनीं ओरिसांतील अंगुळ येथें मिळविलें. मेलेल्या प्रौढ माशांच्या डोक्यांतून ग्रंथि काढून मद्यार्कांत ठेवावयाच्या, त्या खलून त्यांचा अर्क करावयाचा, आणि संध्याकाळीं मादीला त्याची सुई टोंचावयाची. सुमारें सहा तासांनीं दुसरी, आणि त्याच वेळीं नरांना एक. पाण्यांत टांगलेल्या कापडी पेटींत पहाटेपर्यंत अंडीं पडतात आणि पंधरा-अठरा तासांत त्यांतून पिलें बाहेर येतात. १० जुलै हा दिवस आपल्या देशांत मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात, तो ह्याच यशाची आठवण म्हणून. पुढें तयार औषधें आलीं आणि ग्रंथि काढण्याचाही खटाटोप कमी झाला. आतां मत्स्यजिरे आणि त्यांहून मोठी बोटुकली प्राणवायु भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येते. हंड्यांचा आणि पाणी ढवळणाऱ्या त्या रेल्वे-प्रवाशाचा काळ संपला. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा कंपनीच्या केंद्रांत ह्याच कुळांतल्या महसीर माशाची पैदासही माणसाच्या हातूनच होते.

बोटुकली सोडणाऱ्यानें तळ्यावर उपकार केले, परंतु तेथें आधींच ठाण मांडून बसलेल्या एका उपऱ्याशीं तिला झगडावें लागतें. चिलापी हा मूळचा आफ्रिकेंतला मासा १९५२ सालीं भारतांत आला. त्याला पूर नको, नदी नको; मादी अंडीं तोंडांत घेऊन सांभाळते आणि वर्षांतून अनेकदां प्रजा वाढवते. शहरांतल्या तळ्यांवर गळ टाकणाऱ्याच्या वाट्याला रोहूपेक्षां तळहाताएवढी चिलापीच अधिक वेळां येते, आणि ती पुन्हां पाण्यांत न सोडणें हेंच बरें.

अंधार पडला म्हणजे हौशी मंडळी सामान आवरतात. तळ्याची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. सूर्य गेल्यावर शेवाळ प्राणवायु तयार करण्याचें थांबतें, आणि इतर सर्वांप्रमाणें तेंही तो खर्च करूं लागतें. मासे खर्च करतात, तळाचा चिखल खर्च करतो, आणि त्या चिखलांत जें कांहीं कुजत असेल तें सर्वांत जास्त खर्च करतें. रात्रभर पातळी उतरत जाते आणि पहाटे सूर्योदयाच्या थोडी आधीं सर्वांत खालीं येते. लिटरामागें दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत ती उतरली कीं मासे वर येतात आणि पाण्याच्या अगदीं वरच्या पातळ थरांतली हवा ओढण्यासाठीं तोंडें उघडमीट करूं लागतात.

म्हणूनच पायरीवरून टाकलेल्या पावाचा हिशेब ह्या पहाटेशीं जोडलेला आहे. मासे खातील तेवढा पाव हें त्यांचें अन्न. उरलेला तळाशीं जाऊन कुजतो, आणि रात्रीं त्यांच्याच वांट्याची हवा खातो. निर्माल्याचेंही तसेंच. विसर्जनाच्या दिवसांत फुलें, दूर्वा, केळीचीं पानें आणि प्रसाद एवढ्याशा पाण्यांत एकदम पडतात. शाडूची मूर्ति पाण्यांत विरघळून गाळ होते. प्लास्टरची मूर्ति तशी विरघळत नाहीं, आणि तिचा रंग पाण्यांत उतरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें ह्याविषयीं २०१० सालीं नियम घालून दिले आणि २०२० सालीं ते अधिक कडक केले. निर्माल्यासाठीं कांठावर ठेवलेला कलश आणि कृत्रिम हौद ह्यांचा लाभ भक्ताला किती वाटतो हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. माशाला मात्र तो पहिल्याच रात्रीं कळतो.

सर्वांत वाईट काळ येतो तो वळवाच्या पावसाच्या आगेमागें. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहतें, वारा पडतो, उकाडा वाढतो. ऊन नसल्यामुळें शेवाळाचें काम दिवसाही मंदावतें. मग रात्रीं एक जोराची सर येते. रस्त्यावरची घाण वाहून तळ्यांत शिरते, आणि थंड पाणी खालीं बसून तळाचें कोंदलेलें, प्राणवायूहीन पाणी वर उचलतें. सकाळीं फिरावयास गेलेल्यांना पांढरीं पोटें वर करून तरंगणारे मासे दिसतात, आणि कोणीतरी तळ्यांत विष टाकल्याची वार्ता बाजारापर्यंत जाते. विष क्वचित् असतेंही. पण पुष्कळदां विष टाकणारा कोणी नसतो. आणि मोठे मासे आधीं मेले, लहान वांचले, असें दिसलें तर संशय प्राणवायूवरच घ्यावा, कारण मोठ्या देहाची गरज मोठी असते.

हें टाळण्यासाठीं फार मोठा खर्च लागतो असें नाहीं. आभाळ भरलेल्या दिवसांत माशांना कांहींही खावयास टाकूं नये. पहाटे तोंडें वर दिसूं लागलीं तर नळाचें किंवा पंपाचें पाणी उंचावरून धारेनें सोडावें. पडतांना तें हवा बरोबर घेऊन जातें. कारंजें असेल तर तें संध्याकाळीं शोभेसाठीं चालवून रात्रीं बंद करण्याची जी सर्वत्र चाल आहे, ती उलट करावी. संध्याकाळीं तळ्याला त्याची गरज नसते, पहाटे तीनपासून असते. तेंही नसेल तर दोन माणसांनीं कांठावरून पाणी वल्ह्यानें किंवा फळीनें झोडपीत राहिलें तरी कांहीं मासे वांचतात. ऊन तळ्यावर पडेपर्यंत एवढें निभावलें पाहिजे. ढग नसतील तर आठ-नऊच्या सुमारास पाण्याचा हिरवा रंग पुन्हां कामाला लागतो आणि वर आलेलीं तोंडें एकेक करून खालीं जातात.